सुईचं टोक, भिंगाखाली

३ मार्च, मंगळवार

एकदाच टोचली तरी सुई वाकते! इतकी वर्षं इंजेक्शनच्या सुयांच्या कारखान्यात काढली आणि हे आज कळतंय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण भिंगाखाली धरली की टोकाशी इवलीशी आकडी. खरं तर मी बघत होते वेगळंच — वापरलेली सुई झाकायचं आमचं नवं कवच सुईवर सरकताना घासतं का. नाही घासत. पण मग कवच राहिलं बाजूला, दिवसभर टोकंच बघत बसले. साहेब दोनदा डोकावले. "पगार कवचाचा आहे," म्हणाले.

५ मार्च, गुरुवार

चाचणीचे खोके परत आले. हॉस्पिटलातल्या नर्सेसना दिले होते — पाणी भरलेल्या सिरिंजा आणि टोचायला रबरी गादी. टोचायचं, काढायचं, अंगठ्याने कवच पुढे ढकलायचं. टक् वाजलं की सुई कायमची बंद, कुणाच्या बोटात घुसायची भीती नाही. बहुतेकींची दोन-चार कवचं अर्धवटच! एकीने तर सुनावलंच — "अंगठा कापसावर असतो हो, ढकलू कशाने?" बरोबर आहे की! हे आम्हाला कसं सुचलं नाही?

एकाच खोक्यात सगळी कवचं व्यवस्थित बंद. ताईच्या! काय अभिमान वाटला. गेल्या वर्षी वॉर्डात पेशंटने हात हिसडला आणि वापरलेली सुई तिच्या बोटात गेली, तेव्हापासून मी या कवचाच्या मागे हात धुऊन लागलेय. तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले. पण ते येईपर्यंतचे दिवस कसे काढले, आमचं आम्हाला माहीत.

९ मार्च, सोमवार

काहीतरी गडबड आहे. परत आलेली कवचं कापून सगळ्यांची टोकं बघितली. (सांगितलं होतं कुणी? कुणी नाही.) सगळ्यांची वाकलेली. ताईची सरळ. एकूण एक सरळ!

तिचा हात हलका म्हणावं, तर मी स्वतः अगदी अलगद टोचून पाहिलं. वाकली. गादी बदलली. वाकली.

१० मार्च

छे. ताई असं करणार नाही.

१४ मार्च, शनिवार

ताईकडे गेले. ती चहा ओतत होती, तेव्हाच विचारून टाकलं, "ताई, तू गादीत टोचलंच नाहीस ना?" मनात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही.

आधी भडकली. "आता माझीही तपासणी का?" मग भांडं खाली ठेवून स्टुलावर बसली. म्हणाली, टोपण काढून उघडी सुई दिसली की हात पुढेच जात नाही. समोर रबर आहे हे कळतं, तरी नाही. कवच ढकलून मोकळी होते. आणि वॉर्डात? इंजेक्शनं दुसरीला देते, बदल्यात तिच्या चादरी बदलते, तिच्या पेशंटांचं बीपी बघते. वर्षभर हे चाललंय! भावजींनाही पत्ता नाही.

"पुढच्या महिन्यापासून दुपारपाळीला मी एकटी. त्याआधी नोकरी सोडून देते झालं." जुनी चप्पल टाकावी तशी म्हणाली. हीच ताई लहानपणी बाहुल्यांना टोचत फिरायची! वर मलाच समजावते — "तुला वाईट वाटेल म्हणून कवचं लावून पाठवली गं."

मला रडूच कोसळलं. आणि रडता रडता डोक्यात एकच घोळत होतं — आमचं कवच येतं टोचून झाल्यावर. ती घाबरते टोचायच्या आधी!

१६ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं, सुई पहिल्यापासूनच कवचात हवी. दंडावर दाबली की कवच मागे, उचलली की आपोआप पुढे येऊन बंद. सुई दिसायचीच नाही, अंगठाही मोकळा.

"टोचायच्या आधी कोण घाबरतं? नर्स?"

"आहे एक."

"एकच?"

"सांगणारी एक. न सांगणाऱ्या किती, कुणास ठाऊक."

त्यांनी पेन चावलं. मग म्हणाले, "करून दाखव." ताईचं नाव मी काढलं नाही.

२१ मार्च

स्प्रिंगने जीव खाल्लाय! कडक घेतली तर पेशंटच्या दंडावर शिक्का उठेल, ढिली घेतली तर सुई डोकावते. घरातली सगळी पेनं खोलून बसलेय. नवरा म्हणाला, "आता सह्या कशाने करू, अंगठ्याने?"

२५ मार्च

जमत नाही.

२८ मार्च, शनिवार

जमलं! दोन ढिल्या स्प्रिंगा, एकीच्या आत दुसरी. इतकं सोपं होतं! दहा सिरिंजा आणि गादी ताईकडे पोचवून आले. "बघते," म्हणाली. तिचं 'बघते' म्हणजे नाही, हे मी लहानपणापासून ओळखून आहे.

४ एप्रिल, शनिवार

ताईचा खोका आला. सोमवारपासून तिची एकटीची पाळी. नऊ सिरिंजा जशाच्या तशा, टोपणंही काढलेली नाहीत. एक बंद. पण त्या बंद सिरिंजेचं काय, कवच हाताने मागे ओढून सोडलं तरी ती बंद होतेच. कापायला धीर होईना. शेवटी कापलं, भिंगाखाली धरलं. भिंग पुसून पुन्हा धरलं.

टोकाशी इवलीशी आकडी.