फ्यूज बॉक्सची टोपी

१४ जानेवारी, संध्याकाळ
संकल्प एकच, पण पक्का. २८ मार्चला सासऱ्यांची सत्तरी. त्यांना गावाहून नारिन शहरातल्या हॉलपर्यंत न्यायचं ते माझ्या गाडीतून. पुढच्या सीटवर. मेव्हण्याच्या लग्नात माणसं बसली मिरलानच्या गाडीत आणि माझ्या गाडीत बसली मटणाची पातेली. मागच्या सीटला अजून वास येतो. मिरलान माझा साडू. बाजारात जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो.
आज फोनवर विचारून टाकलं. सासरे, म्हणजे आमचे अता, म्हणाले, बसेन की तुझ्या गाडीत. तिकडे सगळे बसले होते, सगळ्यांनी ऐकलं. मग म्हणाले, फक्त ती चालू असू दे. हे काय बोलणं झालं? गाडी उत्तम आहे. जपानहून आलेली आहे.

१९ जानेवारी
उणे अठ्ठावीस. रोजच्यासारखी बॅटरी काढून रात्रीपुरती घरात आणायला गेलो. आमच्या गाडीत फ्यूज बॉक्स थेट बॅटरीच्या डोक्यावरच बसवलाय. म्हणजे आधी त्याचं झाकण काढा, मग नट, मग बॅटरी. झाकणाची एक क्लिप मोडली. मग दुसरी. मग झाकणच. यात माझी काही चूक नाही. थंडीत प्लास्टिकची काच होते. मी फक्त पक्कडीनं जरा मदत केली होती.
बायको, नुरझात, म्हणाली, अहो, उद्याच्या उद्या मिरलानकडून दुसरं आणा, उघड्या फ्यूजवर पाणी गेलं की गाडी बसलीच म्हणून समजा. मी म्हटलं, एवढ्याशा झाकणासाठी मी साडूपुढे हात पसरणार नाही. ती म्हणाली, मग हात पसरू नका, फोन करा.
फोन केला नाही. माणसाला काही तत्त्वं असतात.

२० जानेवारी
फ्यूज बॉक्सवर प्लास्टिकची पिशवी बांधली. फर्स्ट क्लास. झाकण ही कंपन्यांनी लोकांच्या गळ्यात मारलेली वस्तू आहे.

२१ जानेवारी
पिशवी उडाली.

२५ जानेवारी
आइस्क्रीमचा डबा उपडा घातला, वर रबर बँड. जणू मापानं केलेला. नुरझातला दाखवायला बाहेर बोलावलं. तिनं डबा बघितला, मला बघितलं आणि आत गेली. तिला मशीनमधलं कळत नाही.

२ फेब्रुवारी
डबा इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडून फ्यूजला चिकटला. खरवडून काढला. हातात रबर बँड तेवढा शाबूत राहिला. व्हॅनिलाचा वास मात्र छान सुटला होता.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज इतिहास घडला. सविस्तर लिहितो.
सासरहून एकटाच परत येत होतो. वाटेत बर्फाचं वादळ. गाडी आचके देऊ लागली. थांबून बॉनेट उघडलं तर उघड्या फ्यूज बॉक्सवर बर्फ वितळून पाणी पाणी. रुमालानं पुसलं. आता झाकू कशानं? नजर गेली मागच्या काचेकडे. तिथे माझा काल्पाक असतो. लग्नात सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं डोक्यावर घातलेली पांढरी, उंच, जाड लोकरीची टोपी. मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून मी ती तिथे ठेवतो, पुढे मानाचा माणूस चाललाय हे कळावं.
घातली. आणि बसली की हो! कडा बरोबर टर्मिनलखाली खोचल्या गेल्या. वरून बर्फ पडतोय आणि घसरून जातोय. गाडी आचका न देता घरी आली.
मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. काल्पाक जमिनीवर ठेवू नये, पायाशी ठेवू नये, दुसऱ्याला देऊ नये, हे लहानपणापासून ऐकलंय. पण बॉनेटबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. मी खूप आठवून पाहिलं. शिवाय दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

११ फेब्रुवारी
दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. ही तात्पुरती सोय नाही, हा शोध आहे. बॅटरीवरच्या फ्यूज बॉक्ससाठी लोकरीचं झाकण! अख्ख्या प्रांतात अशा गाड्या आणि निम्म्यांची झाकणं थंडीत फुटलेली. सासूबाई लोकर कुटतात, नुरझात शिवते, मी डोकं चालवतो. मिरलानचं दुकान बसणार बिचाऱ्याचं. त्याला नोकरी द्यायची का, यावर विचार चालू आहे.
नुरझातला कल्पना सांगितली. नमुना कशाचा केलाय ते सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१५ फेब्रुवारी
प्रयोग. रात्री बॅटरी घरात आणलीच नाही, टोपीखाली गाडीतच ठेवली. सकाळी गाडी एका फटक्यात सुरू! नुरझात म्हणाली, रात्री उणे सहाच होतं, आता कुणाचीही होईल. असेलही. पण त्यात टोपीचा वाटा किती, हे तिला थोडंच सांगता येतंय?
संकल्प: यापुढे टोपी हलवायची नाही. बॉनेट उघडायचंच नाही. ऊब जाते.

२३ फेब्रुवारी
आमची मांजर हल्ली दिवसभर बॉनेटवर बसते. कान टवकारून, खाली मान घालून, टक लावून. जेवायलाही येत नाही. मुक्या जनावरालाही ऊब कुठे टिकते ते कळतं, आणि माणसं शंका काढतात.

५ मार्च
काल्पाक दिवस. पाणीपुरवठा ऑफिसात झाडून सगळे टोप्या घालून. मी एकटा बोडका. साहेबांनी विचारलं, तिलेक, तुझी कुठे? मी म्हटलं, सासऱ्यांच्या सत्तरीसाठी राखून ठेवलीय. साहेब म्हणाले, जपून ठेवलीस ना? मी म्हटलं, चोवीस तास बंद जागेत आहे. यातला एक शब्दही खोटा नाही.
दुपारी धाकट्या मेव्हणीचा, गुलझादाचा मेसेज. जावईबापू, टोपीतला फोटो टाका ना. लग्नातला टाकला. तिचं उत्तर आलं, अय्या, केस परत आले वाटतं! ही मुलगी सासरी गेली की मला बरं वाटेल.

१२ मार्च
अतांचा फोन. सत्तरीला सगळ्या जावयांनी लग्नात मी दिलेलेच काल्पाक घालून यायचं, फोटो काढायचाय. म्हटलं, अर्थात.
योजना: २७ला टोपी काढायची, ब्रश मारायचा, २८ला घालायची. त्या दिवसापुरतं फ्यूज बॉक्सवर काय घालायचं ते तेव्हा बघू. आत्तापासून डोकं का शिणवा?

१६ मार्च
इंजिनमधून चूं चूं आवाज येतोय. बेल्ट असणार. गाडीखाली पांढऱ्या लोकरीचे पुंजके पडलेत. नवीन लोकर थोडी सुटतेच. टोपी बारा वर्षांची आहे, पण या कामाला नवीनच ना. गाडीला आजपासून २७पर्यंत विश्रांती. मोठ्या कामाआधी द्यावी लागते. ऑफिसला तसाही मी चालतच जातो.
संध्याकाळी मिरलान चहाला आला. जाताना कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. झाकण! आमच्याच मॉडेलचं. म्हणाला, दुकानात पडून होतं, घे रे. मी ते त्याच्याकडे सरकवलं. म्हटलं, माझ्याकडे याहून चांगली व्यवस्था आहे. तो म्हणाला, बघू तरी. मी म्हटलं, पेटंटचा मामला आहे. त्यानं एकदा नुरझातकडे बघितलं आणि झाकण परत खिशात टाकलं. नुरझातनं कपबशा उचलताना जरा जास्तच आवाज केला.

२७ मार्च, सासरी
पोचलो. वाटेत हॉर्न वाजेनासा झाला आणि डावा इंडिकेटर आपोआप लागत होता. इतक्या दिवसांनी बाहेर पडल्यावर गाडीलाही बावरल्यासारखं होत असेल. ब्रश घरीच राहिला. नुरझातनं विचारलं, अहो, काल्पाक घेतलात ना? मी म्हटलं, गाडीतच आहे. उद्या सगळ्यांच्या आधी उठून काढतो.
खरं सांगायचं तर, अता माझ्या शेजारी बसावेत असं फार वाटतं. बारा वर्षांत ते मला एकदाही वाईट बोलले नाहीत. पण बारा वर्षांत मला एखादं काम सांगितलं, असंही झालं नाही. लाकडं फोडायची असली तरी मिरलान. मेंढी पकडायची तरी मिरलान. मला म्हणतात, तू बस, चहा घे. या घरात मी फार चहा प्यायलोय.

२९ मार्च
काल लिहायला वेळ झाला नाही. समारंभ एकंदरीत यशस्वी. मुख्य उद्देश सफल झाला. घडलं तसं लिहितो.
उठायला उशीर झाला. बाहेर आलो तर अंगणात सगळं गाव. अता नवा झगा घालून, पदक लावून, आधीच माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले! बोलावं लागलंच नाही. मला भरून आलं. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मिरलान काही बोलला नाही. ऐन वेळी काही न बोलणं ही त्याची फार वाईट खोड आहे.
मग अताच खाली उतरले. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, स्वतःच बॉनेट उघडलं. मी म्हटलं, राहू द्या अता, मी बघतो. पण टोपी दिसली होती. माझी, म्हणजे त्यांची, म्हणजे लग्नातली. काठाला हिरवट डाग, शेंड्याला भोक. नुरझातनं तोंडावर हात नेला. सासूबाई नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या.
अतांनी टोपी दोन्ही हातांनी उचलून आत बघितलं. आत लोकरीच्या मऊ गादीवर उंदराची पिल्लं. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. शेजारी त्यांची आई. आणि फ्यूज बॉक्सला येणारी जाडी वायर कुरतडून कुरतडून तुटलेली.
मी म्हटलं, अता, तात्पुरती घातली होती. अतांनी टोपी जरा उजेडाकडे कलती केली. मग वर न बघताच म्हणाले, बारा वर्षं झाली लग्नाला, या जावयाच्या टोपीखाली काहीतरी हलताना आज पहिल्यांदाच बघतोय.
सगळं अंगण फुटलं. गुलझादा तर खालीच बसली. सासूबाई डोळे पुसत होत्या. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?
नुरझातनं टोपी तशीच अलगद उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, अता, तुम्ही मिरलानच्या गाडीतून जा. अता म्हणाले, का? शब्द तुला दिलाय. आणि परत माझ्या गाडीत जाऊन बसले. मिरलानला म्हणाले, दोरी आण.
तर सासऱ्यांना हॉलपर्यंत मीच आणलं. माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी. पुढे मिरलानची गाडी होती आणि मध्ये दोरी होती, पण स्टिअरिंग पूर्ण वेळ माझ्याच हातात होतं. ब्रेकही मीच मारत होतो. पूल ओलांडल्यावर अता म्हणाले, तिलेक, आज फार छान चालवतोयस. एकदाही रस्ता चुकला नाहीस.
हॉलच्या दारात सगळे मोबाइल काढून उभे होते. फोटो खूप निघाले. दोरी प्रत्येकात आलीय.
जेवणानंतर जावयांना कपडे करायची वेळ आली. मिरलानला नवा झगा, नवा काल्पाक. मग अतांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे जाऊन मान खाली घातली, टोपीसाठी. अख्खा हॉल बघतोय, मी मान खाली घालून उभा. डोक्यावर काहीच पडेना. मग अतांनी माझा हात धरून तळव्यावर काहीतरी ठेवलं. मिरलानच्या दुकानातलं तेच झाकण. माइकवर म्हणाले, तिलेकला बोडकं राहायची सवय आहे. गाडीचं डोकं मात्र झाकलेलं असू दे. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्यातल्या थोड्या तरी मनापासूनच्या असाव्यात.
परत जागेवर जायला वळलो तेव्हा अता माइक बाजूला करून म्हणाले, आणि हे बघ, एप्रिलमध्ये मेंढ्या वर डोंगरातल्या कुरणावर न्यायच्यात, तेव्हा ये. एक माणूस कमी पडतोय. मी विचारलं, मी? म्हणाले, गाडी आणू नकोस.
काम सांगितलं त्यांनी. मला. नुरझातला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसली.
आज इलेक्ट्रिशियननं वायर जोडून दिली. म्हणाला, आता वर झाकण लावा. झाकण माझ्या खिशातच आहे. चांगलं आहे, दोन्ही क्लिपा शाबूत.
उद्या लावतो.