फळी उलटायला दोघं लागतात

प्रिय प्रभुलिंग,

परवा शेडच्या दारात उभं राहून तुम्ही विचारलंत, "यशराज पुण्याला कायमचं या म्हणतोय. जाऊ का नको?" मी "जा की!" म्हटलं आणि लाकूड घासायचा सँडर चालू केला. मुलाकडं जायचं म्हणजे चांगलीच गोष्ट, त्यात शेजारणीनं काय बोलायचं? पण त्या घरघरीत तुम्ही आणखी काहीतरी बोललात, ते मला ऐकू आलं नाही. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. समोरासमोर बोलले तर मी भांडेन, म्हणून लिहिते आहे.

आधी टेबलाची खबर. काल अख्ख्या फळीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि पॉलिश पेपर फिरवला. सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या, म्हणजे आता कुठं खड्डा नाही की उंचवटा नाही. आंब्याच्या लाकडातला काळपट पट्टा काय सुंदर उमटलाय! मी नुसती हात फिरवत बसले होते.

ही फळी टेम्पोतून उतरली तो दिवस आठवतो? यजमान गेले, मग मी चित्रकलेच्या बाई म्हणून शाळेतूनही निवृत्त झाले आणि परसात लाकूड खरवडायला लागले, याची गल्लीला केवढी करमणूक! त्यात ही दाराएवढी रुंद फळी, मधे खोलगट, एका कोपऱ्याला पीळ. बघून तुम्ही म्हणालात, "बाई, ह्याचं टेबल न्हाय, गुळाची काहील हुईल!"

एक बाजू मी एकटीनं सपाट केली, दोन्हीकडं पट्ट्या लावून त्यांवरून लाकूड तासायचं राउटर यंत्र सरकवत. पण दुसऱ्या बाजूसाठी फळी उलटावी लागते आणि ते एकट्याचं काम नाही. तुम्ही बाह्या सरसावून आलात आणि "उचला, उचला" असं ओरडलात, जशी काही जोतिबाची सासनकाठीच उचलताय. तुमच्या शिवगंगाताई गेल्यापासून तुमचा एवढा मोठा आवाज गल्लीनं ऐकला नव्हता. मग दर गुरुवारी फळी उलटणं आणि चहा सुरू झाला.

आता खरं सांगते. पीळ दिवाळीच्या आधीच गेला होता. तरी "अजून डुगडुगतेय" म्हणत मी तुम्हाला बोलावत राहिले आणि दरवेळी थोडं खरवडत राहिले. तीन बोटं जाड फळी दीड बोटावर आली. माझी भाची दीपा म्हणाली, "मावशे, टेबल करालीस का पापड लाटालीस?"

पण लबाड मी एकटीच नाही. गेल्या गुरुवारी तुम्ही यायच्या आधी मी सरळ पट्टी लावून बघितली होती. केस जाईल एवढीही फट नव्हती. तुम्ही वाकून, एक डोळा मिटून बघितलंत आणि म्हणालात, "हिकडं जरा उंच हाय अजून. फुडच्या गुरुवारी परत उलटू." मी पट्टी हळूच फळ्यांमागं सरकवली आणि चहा टाकायला गेले.

गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला अण्णा म्हणतं. मी मात्र इतकी वर्षं "अहो, जरा हात लावा" एवढ्यावर भागवलं, कारण मला तुम्हाला भाऊ म्हणायचं नव्हतं. तुम्ही मला आवडता. पुण्याला जाऊ नका, माझ्याशी लग्न करा. यशराज काय म्हणेल याची धास्ती मलाही आहे, पण त्याच्याशी दोघं मिळून बोलू. टेबल तुमच्या घरात लावायचं का माझ्या, ते उद्या येऊन सांगा.

उत्तर काहीही आलं तरी तुमचीच,
शिवलीला