भस्म आणि हेल्मेट

सोमवार संध्याकाळ, नांदूरघाट

आमचे हे आज दुकानाकडे जाताना सायकल खड्ड्यात घालून पडले. कपाळ फुटलं, टाके पडले. हेल्मेटवर मात्र साधा ओरखडाही नाही.

असेल कसा? कपाळावरचे भस्माचे पट्टे पुसू नयेत म्हणून हेल्मेट रोज मागं सरकवून घालायचे, पार मानेवर. कितीदा सांगितलं. "देवाला कपाळ दिसाया पायजे," म्हणायचे. आज डॉक्टरलाही नीट दिसलं.

बघायला आलेली माणसं चहा पिऊन एकच शहाणपण सांगून गेली, की हेल्मेटचा काही उपयोग नसतो. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "हेल्मेट घालूनबी डोस्कं फुटलंच की. आता पोरीला दुसरं कशापायी घ्यायचं?" आणि हे पट्टी बांधलेलं डोकं हलवून हो म्हणतात. खड्डा वाईट, हेल्मेट वाईट, यांची अक्कल तेवढी चांगली.

पोरगी उद्यापासून सायकलवर कॉलेजला जाणार. यांचंच हेल्मेट तिला देते. कपाळ झाकून घालीन, हनुवटीखालचा पट्टा मीच आवळीन. ओरखडा नाही त्याच्यावर. नवंकोरंच आहे, अजून कुणी घातलेलंच नाही.