मोठ्या बहिणीचा मान

प्रिय शुएफन,

ग्रँडमास्टर झाल्यावर पत्रं वाचायलाही कोणी माणूस ठेवला असशील, पण हे तू स्वतः वाच. रविवारी बागेत तुझा सत्कार आहे आणि मग वडाखाली तुझा-माझा चिनी बुद्धिबळाचा डाव ठेवलाय. त्या डावापायी मला चैन पडत नाहीये.

दुकान बरं चाललंय, म्हणजे तुझा सामना नसतो तेव्हा. अंतिम फेरीला मी फोनला डोळे लावून बसले आणि नूडल्सचा पार लगदा झाला. लिनकाका म्हणाले, "अगं, बहीण जिंकेल गं, पण आमच्या पोटाचं काय?" तू तुझी तोफ पटावरच्या नदीपार नेलीस तेव्हा मात्र तेच बाकावर चढले. तू जिंकलीस आणि मी कढईपाशी ढसाढसा रडले.

अकराव्या वर्षी तू ग्वांगझूला प्रांताच्या संघात गेलीस. सुरुवातीला नुसती हरायचीस. फोनवर म्हणायचीस, "ताई, मला घरी ने ना. इथे सगळ्या माझ्याहून भारी आहेत." आई तुला आणायला निघालीच होती, मी अडवलं. बागेतल्या सगळ्यांना मी हरवायचे आणि मला घाम फोडायचीस फक्त तू. मग तू प्रांताची विजेती झालीस, यंदा देशाची. हे मी गिऱ्हाइकांना इतकं ऐकवलंय की आता मी तोंड उघडलं की ते उठून पैसे द्यायला लागतात.

गेल्या नववर्षाला तू आलीस तेव्हा आपला डाव बरोबरीत सुटला. लिनकाका म्हणाले, "थोरलीनं धाकटीला रोखलं की!" टाळ्या पडल्या, मीही हसले. पण तुझी तोफ माझ्या शेवटच्या रांगेत उतरली असती तर माझा राजा तिथेच संपला असता. तुझा हात तिच्यावर गेला होता आणि तू तो मागे घेतलास. मोठ्या बहिणीचा मान राखलास. तो मान माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

म्हणून बागेतल्या मंडळींना मी परस्पर सांगून टाकलंय. कच्च्या खेळाडूशी खेळताना उस्ताद आपले काही मोहरे पटावरून उतरवून ठेवतो, तसे शुएफन आपले दोन्ही घोडे उतरवेल आणि मगच डाव सुरू होईल. मी जीव तोडून खेळणार आहे. तू दया दाखवू नकोस, मला हरव. मी किती खेळते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तू किती मोठी झालीस ते त्यांना माझ्या हरण्यावरून कळू दे.

तुझीच, हरायला उतावीळ,
शुएमेइ ताई