दारावरच्या टकटकीचा खुलासा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नाट्यगृह विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : दुसऱ्या अंकातील दारावरची टकटक भलतीकडून वाजल्याबाबत व मी जागेवर न आढळल्याबाबत खुलासा, तसेच येत्या शनिवारी नाट्यगृहात प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली दि. ३ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. माझ्यावर दोन ठपके आहेत, आणि मला ध्वनीच्या कामावरून कमी का करू नये, असे आपण विचारले आहे. पहिला ठपका मला पूर्ण मान्य आहे. दुसरा कसा घडला ते सांगितल्यावर तो किती मान्य करायचा हे आपणच ठरवावे.

२. मी एकोणीस वर्षे नाट्यगृहाच्या केबिनमध्ये बसून नाटकांचे आवाज सांभाळले. माझ्या दुरुस्त्यांमुळे तालमी खोळंबतात, अशी तक्रार झाली. ती खरी होती. म्हणून अकरा महिन्यांपूर्वी मला दुसरा संगणक देऊन जोडइमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसवण्यात आले. आता नाटकाची फाईल पेनड्राइव्हवर माझ्याकडे येते, मी आवाज दुरुस्त करतो, शुक्रवारी शिपाई ती परत नेतो आणि प्रयोगाला केबिनमधल्या ताई बटण दाबतात. त्यांचे काम चोख आहे. चुकीबद्दल मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही दिलंत तेच मी वाजवलं."

३. चूक अशी झाली. नाट्यगृहात सहा स्पीकर आहेत. पाचवा लहान असून नेपथ्यातल्या दारामागे ठेवलेला असतो. माझ्या खोलीत दोनच आहेत. पाचव्यावर लावलेला आवाज इथे ऐकूच येत नाही. म्हणून काम करताना असे आवाज मी तात्पुरते पहिल्या दोनांवर आणतो आणि फाईल देण्यापूर्वी पुन्हा पाचव्यावर नेऊन ठेवतो. त्या शुक्रवारी सतरा आवाज परत नेले, एक राहिला. तो नेमका क्यू ४१ (ठरल्या क्षणी वाजवायच्या आवाजांच्या यादीतला एक्केचाळिसावा), म्हणजे दुसऱ्या अंकाच्या शेवटची टकटक. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली मुलगी परत येते तेव्हाची ही टकटक. प्रयोगात ही टकटक प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या पहिल्या दोन स्पीकरमधून आली. लोकांनी छताकडे पाहिले आणि काही हसले. वडिलांचे काम करणाऱ्या नानांनी दुसऱ्या दिवशी मला फोनवर विचारले, "काय रे, पोरगी दारातून यायची होती की कौलं फोडून?" त्यांनी तो प्रसंग तरीही निभावून नेला, असे कळते. मी ऐकलेला नाही.

४. दोन स्पीकरांवर अंतर कळत नाही, म्हणून मी काही उपाय करून पाहिले. एक स्पीकर कपाटात ठेवून कपाटाचे दार लावले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ठेवून ऐकले. टकटक बरी वाटली, पण कपाटाला टकटक केल्यासारखी वाटली. याच काळात शेजारच्या विभागातील बाई तीनदा उठून आपले दार उघडून पाहून गेल्या. चौथ्यांदा त्या माझ्या उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या, "आता खरंच कोणी आलं ना, तरी मी उठायची नाही." त्यांचे बरोबर आहे. मी त्यांची माफी मागितली. अकरा महिन्यांत या खोलीत पेनड्राइव्हच्या कामाशिवाय कोणी समोर येऊन माझ्याशी बोलल्याचा तो एकच प्रसंग, म्हणून तारखेसह माझ्या लक्षात आहे.

५. दुसरा ठपका असा की, दि. ३ रोजी आपला कर्मचारी नोटीस घेऊन आला, त्याने दार वाजवले आणि मी "जागेवर आढळलो नाही" असा शेरा त्याने नोटिशीवरच लिहिला. महोदय, मी आतच होतो. टकटक मी ऐकली. माझ्या दारावर कोणी टकटक करत नाही. शिपाई दार ढकलून आत येतो. त्यामुळे फाईलच वाजते आहे असे मला वाटले. मी पडद्यावर पाहिले, तर फाईल थांबलेली होती. पुन्हा टकटक झाली. लाकडाचा आवाज, मागे जिन्याची पोकळी, दुसरा ठोका पहिल्यापेक्षा किंचित हलका, जणू उघडतील की नाही याची खात्री नसल्यासारखा. महिनाभर मी जो आवाज शोधत होतो तो हाच होता. तो पुन्हा येईल म्हणून मी हालचाल न करता ऐकत बसलो. मग दाराखालून कागद आत आला. मी धावत दार उघडले तोवर तो जिना उतरून गेला होता. दार उघडायला मला उशीर झाला, हे मान्य आहे. मी गैरहजर होतो, हे मान्य नाही.

६. नाट्यगृह रिकामे असेल तेव्हा आठवड्यातून दोन तास मला आत बसून ऐकू द्यावे, अशी विनंती मी याआधी दोनदा केली आहे. "फाईल पाठवता येत असताना माणूस पाठवण्याची आवश्यकता दिसत नाही" असे उत्तर आले. ते तर्काला धरून आहे. तरी नोंदवतो की, शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला काय ऐकू येते हे फाईलमध्ये येत नाही.

७. शनिवारच्या प्रयोगाची फाईल सोबत देत आहे. ती तपासली आहे, सतराही आवाज जागेवर आहेत. क्यू ४१ मात्र मी काढून टाकला आहे. ही चूक नाही, हे लेखी कळवतो. या खोलीतून तो आवाज बरोबर होणार नाही, आणि पुन्हा एकदा कच्चा आवाज नानांच्या पाठीमागे सोडायची माझी तयारी नाही. नेपथ्यातले दार मिस्त्रींनी सागवानी चौकटीत बसवलेले आहे. ते हाताने वाजवले तर कोणत्याही स्पीकरची गरज नाही. त्यासाठी एक माणूस मागच्या अंधारात वीस मिनिटे गप्प उभा राहायला हवा आणि वडिलांचे शेवटचे वाक्य संपल्यावर चार श्वास थांबायला हवा. ते वाक्य मला पाठ आहे.

तरी शनिवारी दुसऱ्या अंकापुरते मला त्या दारामागे उभे राहू द्यावे. त्यानंतर ध्वनीच्या कामावरून कमी करण्याचा जो निर्णय होईल तो मी स्वीकारीन. मी साडेचार वाजता मागच्या फाटकाशी येईन. पहारेकरी नवीन आहेत, ते मला ओळखत नाहीत. कृपया त्यांना सांगून ठेवावे.

आपला नम्र,
(सही)
ध्वनी संपादक, दुसरा संगणक,
जोडइमारत, तिसरा मजला
दि. ८

सोबत : (१) नोटिशीची प्रत (२) पेनड्राइव्ह (३) क्यूंची यादी, ४१ समोर 'हाताने' असे लिहिले आहे.