दोन हातांनी धरलेला झेंडा

११ जानेवारी, शनिवार
पुन्हा एक तारा चुकीच्या कोपऱ्यात! दुकानाचं शटर ओढण्याआधी ‘पहारा’ ॲपवर आज तीनशे बारा फोटो तपासले. राष्ट्रदिनाला आपले लोक जगभरातून झेंड्याबरोबरचे फोटो टाकतात. चेहरे पुसून ते आमच्या फोनवर येतात. आम्ही म्हणजे ध्वजदक्ष — सरकारने नेमलेले, बिनपगारी. सव्वीस वर्षं झेंडे शिवतोय. पगार कशाला हवा?

चूक दिसली की दोन चौकटी येतात: नजरचुकीने, हेतुपुरस्सर. खाली शेरा. आजच्या फोटोत कोणी बाई खिडकीपुढे उभी, झेंडा छातीशी ताणलेला, आणि तारा आपल्या उजव्या हाताला. तो डावीकडेच हवा, वरच्या कोपऱ्यात. मी लिहिलं, ‘ध्वज दोन्ही हातांनी ताणून धरला आहे. नजरचूक संभवत नाही. हेतुपुरस्सर.’ दोन स! पदवीधरसुद्धा एकच लिहितात.

१३ जानेवारी
शेजारचा चष्मेवाला सकाळी टपकला. “काय झेंडामास्तर, आज किती गद्दार पकडले?”

म्हटलं, “तू काचा पूस.”

तो हलला नाही. म्हणाला, “जग सगळं फोनात आलं ना, तेव्हा मला वाटलं आता देशबिश सगळं सैल होणार. झालं उलटंच. आधी चौकी सीमेवर होती, आता प्रत्येकाच्या खिशात बसलीय.”

बोलायला छान. मी म्हटलं, मला चौकीचं भय नाही, माझे कागद साफ आहेत. तो हसला. त्याच्या हसण्याचा मला राग येतो.

१९ जानेवारी
प्रशस्तिपत्र आलं! ‘आपल्या ११,४०६ निर्णयांच्या आधारे तपासणी यंत्र घडवले जात आहे.’ सातवीत शाळा सुटलेल्या माणसाकडून यंत्र शिकतंय. बायको म्हणाली, “अहो, चौकट करून घ्या.” दोन्हीकडून समास मोजले. डावीकडचा दीड मिलिमीटर जास्त आहे. असो.

२ फेब्रुवारी, रविवार
आज माझंच अक्षर बघवत नाही.

दुपारी मुलीचा फोन. तीन वर्षं परदेशात नोकरीला आहे, पासपोर्ट नवा करायला टाकला होता. “बाबा, अडवलाय हो. मी झेंड्याचा अपमान केला म्हणे! मी!” मी म्हटलं, “काहीतरी घोळ असेल. कागद वाचून दाखव.” तिने वाचला. ध्वज दोन्ही हातांनी ताणून धरला आहे. नजरचूक संभवत नाही.

पुढचं मला ऐकावं लागलं नाही.

ती रडता रडता हसली. म्हणाली, “आणि हेतुपुरस्सर! एवढं शुद्ध कोण लिहितं हो, बाबा?”

मी म्हटलं, “बघतो मी.” एवढंच.

तिने त्या कागदासोबतचा फोटो पाठवला, चेहरा पुसलेलाच. या वेळी मोठा करून पाहिला. दांडीच्या बाजूला तिहेरी शिवण. अशी शिवण मी घालतो, दुसरं कोणी घालत नाही. तिच्या बॅगेत मीच घडी करून ठेवलेला झेंडा! तीनशे बारा फोटो त्या दिवशी. एका फोटोला चार सेकंदं दिली असतील.

पण माझा झेंडा उलटा कसा?

३ फेब्रुवारी
कोणाचा फोटो ते न सांगता चष्मेवाल्याला दाखवला. त्याला बघायला क्षणही लागला नाही. “अहो, हा पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय. तो आरशासारखा उलटा काढतो. मागची पाटी वाचा की!”

खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी दिसते. सगळी अक्षरं उलटी. तिने झेंडा बरोबरच धरला होता. फोन कशाला तरी टेकवून, समोर उभं राहून, हसत असणार. चेहरा पुसलेला होता, म्हणून मला दिसलं नाही.

“कोण आहे ही?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाईक,” मी म्हणालो.

६ फेब्रुवारी
ध्वज कार्यालयात गेलो. अकरा ते सव्वातीन बाकावर. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज आडवा धरूनच वाचला. मी पाटी, शिवण, आरसा — सगळं क्रमवार लिहिलं होतं, आकृतीसकट. ‘संबंधिताशी नाते’ या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं. खोटं कसं लिहिणार?

“काका, इथेच बाद झाला. नातेवाइकाची साक्ष चालत नाही.”

“पण शेरा माझाच आहे! तो मी मागे घेतोय.”

त्याने अर्ज खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “यंत्र आता तुमच्यासारखं बघतं. तुमचा एक निर्णय काढला तर त्यावरून अडवलेली बाकीची माणसंही सोडावी लागतील. कोण सही करणार?”

किती माणसं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आकडा नको वाटला.

९ फेब्रुवारी, रविवार
मुलीला पत्र आलं: खुलाशासाठी मायदेशी समक्ष हजर व्हावे. प्रवासाचा परवाना सोबत, फक्त येण्यापुरता. बायकोला आनंद मावत नाही. “येऊ दे हो, खुलासा काय दोन मिनिटांचा! तीन वर्षांनी पोर डोळ्यांना दिसेल.” मागच्या खोलीतली कपाटं रिकामी करायला घेतलीत.

१० फेब्रुवारी
कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभा राहिलो. तोच कारकून आला. मला ओळखून आधी मागे बघितलं. “काका, मी बोललोच नाही असं समजा. या महिन्यात चौघं आले खुलाशाला. विमानतळावरून घरी एकही गेला नाही.”

घरी परत आलो. मुलीला लिहिलं, ‘येऊ नकोस. कारण विचारू नकोस. तिथेच राहा.’ सव्वीस वर्षं मी लोकांच्या दारांवर हा देश शिवून दिला, आणि माझ्या पोरीला लिहितोय — येऊ नकोस.

बायकोला सांगायला हवं. तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. विमानतळाचं सांगायचं तर फोटोचं सांगावं लागणार. फोटोचं सांगायचं तर शेरा कोणाचा, तेही. ती उशांना अभ्रे घालत होती. म्हणाली, “काय हो, काही हवंय?”

“पाणी,” म्हणालो.

उद्या सांगतो. नक्की.

११ फेब्रुवारी
सकाळी सात वीस. मुलीचा निरोप: ‘तुमचं वाचून घाबरलेच होते बाबा. आईला विचारलं. ती म्हणाली, खुलासा दोन मिनिटांचा, बाबा उगाच काळजी करतात. विमानात बसले. फोन बंद करते आता.’