लंबूची पाठवणी

१२ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘हं’ म्हणतो, तेव्हा पत्रच लिहीत जा, असं तुम्ही दोनदा बजावलंत. म्हणून लिहितो.

मी बरा आहे. चष्म्याचं दुकान चालू आहे. हिला जाऊन वर्ष झालं. घर आहे तसंच आहे. मागच्या अंगणातल्या हिच्या बँटम कोंबड्याही आहेत, पण आता दोन वयस्क कोंबड्या आणि दोन कोंबडे एवढंच उरलंय. तुमच्या बहिणीने इतकी वर्षं खपून हे वाण तयार केलं. ओंजळीत मावेल असा पक्षी, अंग पांढरं, काळी शेपटी डोक्याच्या वर ताठ, आणि पाय इतके आखूड की चालताना पंख जमिनीला घासावेत. दरवर्षी पक्ष्यांच्या प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर यायचा. शेवटच्या वर्षी नवरदेवाच्या, म्हणजे तिच्या प्रदर्शनातल्या देखण्या कोंबड्याच्या, शेपटीतलं एक पीस वाकडं निघालं. घरी आल्यावर ती म्हणाली होती, की पुढच्या पिढीत हे पीस सरळ करून दाखवते.

मी ठरवलं आहे की ती पिढी मी काढायची. कोंबड्यांचं वय पाहता अंड्यांचा हा शेवटचाच हंगाम दिसतो. हा हुकला तर वाण संपलं.

म्हणून एक काम केलं आहे. दुसरा कोंबडा, तो लंबू, या पत्रासोबत तुमच्याकडे पाठवत आहे. रंग वाणाचाच, पण पाय असे की स्टुलावर उभा आहे असं वाटतं. हिने तो का ठेवला होता कळत नाही. त्याचे पाय पिल्लांत उतरायला नकोत. तुमच्या कोंबड्यांत राहील. फक्त त्याला कापू नये, एवढी विनंती.

लोभ आहेच, त्यात उणं येऊ देऊ नये.

आपला,
भावोजी


२५ जानेवारी

श्री. भावोजींस,
स. न. वि. वि.

पाहुणे सुखरूप पोचले. टोपलीतून उतरल्याबरोबर त्यांनी सगळ्या घराला आपली ओळख करून दिली, ती अजून चालूच आहे. आमचे हे उशी कानावर घेऊन झोपतात आणि सकाळी उठून तुमच्या नावाने बोटं मोडतात. काल म्हणाले, की मेहुणीच्या नवऱ्याला स्वतः बोलायला नको म्हणून त्याने आपल्यातर्फे हा पाठवला आहे.

लंबूला तिने का ठेवलं म्हणता? धाकटीला लहानपणापासून उंच, अवघडलेलं काही दिसलं की माया यायची. तुम्हाला पसंत केलंच की तिने! फरक एवढाच, की हा बोलतो.

माझ्या गावठी कोंबड्या त्याच्या दुप्पट आकाराच्या आहेत, पण त्याचा रुबाब बघून मुकाट मागे चालतात. तुम्ही जेवता ना वेळेवर? कोंबड्यांचं सगळं लिहिलंत, स्वतःचं ‘बरा आहे’ एवढ्यात उरकलंत. पुढच्या पत्रात निदान चार ओळी माणसाबद्दल असू द्या.

तुमची काळजी करणारी,
ताई


३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली अंडी ठेवली. आठवड्याने एकेक अंडं दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि डोळे तपासायच्या बॅटरीवर धरून पाहिलं. आत पिल्लू धरलं असेल तर शिरा दिसतात. एकातही काही नव्हतं, नुसता पिवळा उजेड. वाटलं थंडीमुळे असेल. दाणा बदलला, खुराड्याला गोणपाट लावलं, दुसरी अंडी ठेवली. तीही तशीच निघाली.

दुसरी कोंबडी अजून अंडी देते आहे, पण तिची पिसं गळू लागली आहेत. पिसं गळू लागली की अंडी थांबतात. खुडूक बसलेली मात्र त्या रिकाम्या अंड्यांवरून उठत नाही. तिला उठवायचा मला धीर होत नाही.

तुम्ही चार ओळी मागितल्या होत्या. ही गेली तेव्हा सगळे म्हणाले, रडून घ्या. मला जमलं नाही. रोज सकाळी खुराडं झाडताना वाटायचं, हिचं काही तरी अजून चालू आहे. आता तेही माझ्या हातून बंद पडतं आहे. वेळेवर जेवतो.

आपला,
भावोजी


९ मार्च

श्री. भावोजींस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच अंगणात गेले. कारण तुम्हाला कळवायचं राहिलं होतं: माझ्या गावठीखाली लंबूची अंडी होती, त्यातलं एक न् एक फुटलं! पांढरी, काळ्या शेपटीच्या कोंबाची पिल्लं पायात येताहेत. पाय मात्र बापासारखेच, आईही लांब पायांची ना.

आता विचारते त्याचं खरं उत्तर द्या. तुम्ही त्या नवरदेवाला कोंबड्यांमध्ये कधी दुपारभर पाहिलं आहे का? तुम्ही सकाळी दुकानात जायचात ते संध्याकाळी परत. मी मात्र सुट्टीत महिना-महिना येऊन राहिले आहे. नवरदेव कायम वेगळ्या पिंजऱ्यात असायचा आणि कोंबड्यांबरोबर हिंडायचा तो लंबू. मला वाटायचं, देखण्याचे लाड चाललेत. आता तुमचं पत्र वाचून वेगळीच शंका येते. माझ्यासारख्या बाईने याहून जास्त काय लिहावं! एका सुट्टीच्या दिवशी स्टूल टाकून बसा आणि बघा.

बघून होईपर्यंत लंबू वाटेला लागलेला असेल. त्याला आमचे हे स्वतः घेऊन येत आहेत. उशीखाली कान दाबून झोपणारा हा माणूस, टोपलीत ऊन लागेल म्हणून काल तिला कापड शिवत बसला होता. त्यांना दोन दिवस ठेवून घ्या आणि ‘हं’च्या पुढे बोला.

तुमची,
ताई


१४ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

स्टूल टाकून बसलो होतो. जे पाहिलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. एवढंच कळवतो, की नवरदेवाची उमेद दांडगी आहे, पण पाय पुरत नाहीत. दर वेळी घसरून पडतो आणि उठून असा आरवतो, जसं काही काम फत्ते झालं. शेजारी उभ्या तुमच्या यजमानांना हसून ठसका लागला. मीही हसलो. घरात मोठ्याने हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला.

म्हणजे आखूड पाय यायचे ते आईकडून, आणि बाप व्हायचा लंबू. हे हिला माहीत होतं. मला इतकी वर्षं दिसलं नाही, कारण मी मिरवणाऱ्याकडेच बघत राहिलो.

लंबू आल्यावर पिसं गळणाऱ्या कोंबडीने मोजकीच अंडी दिली आणि थांबली. ती सगळी त्या हट्टी खुडूक कोंबडीखाली सरकवली. तिने मान वळवून एकेक आत ओढून घेतलं. आठवड्याने अंधाऱ्या खोलीत पहिलं अंडं बॅटरीवर धरलं. ताई, आत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. डोळ्याच्या पडद्यावर अशाच शिरा असतात. जन्मभर त्या बघत आलो, पण हे अंडं खाली ठेववेना. बाहेर एक गिऱ्हाईक चष्म्यासाठी ताटकळत होतं. त्यांना हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. ते म्हणाले, चष्मा नसूनही दिसतंय.

परवा पिल्लं निघाली. बहुतेक लांब पायांची आहेत. एक मात्र असं आहे, की चालतं की गडगडतं हे सांगता येत नाही.

यजमानांना सांगावं, टोपलीचं कापड पिल्लांच्या कामी आलं.

लोभ वाढता ठेवावा.

आपला,
भावोजी


२१ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी ‘पहिली’ एवढंच म्हणालो. तेव्हा सविस्तर लिहितो.

ते गडगडणारं पिल्लू आता देखणी तलंग, म्हणजे वयात आलेली तरुण कोंबडी, झालं आहे. प्रदर्शनाआधी तिला कोमट पाण्याने धुतलं, हिच्या जुन्या ओढणीत गुंडाळून वाळवलं. तीन परीक्षक होते. त्यातल्या वयस्कर बाईंनी तिला तळहातावर घेतलं, फुंकर मारून पिसं पाहिली, मग शेपटीतलं एकेक पीस बोटाने तपासलं. सगळी सरळ. वाकडं एकही नाही. त्यांनी तिला परत ठेवलं, पुढच्या पिंजऱ्यांकडे गेल्या, आणि पुन्हा फिरून आल्या. तेव्हाच मला कळलं.

मी लंबूलाही शेजारच्या पिंजऱ्यात नेलं होतं, स्पर्धेबाहेर. निकालानंतर बाईंनी विचारलं, की हा बांबू इथे कशाला. मी सांगितलं, की हा तिचा बाप. मग का, कसं, हे सगळं सांगितलं. नवरदेव, रिकामी अंडी, माझी चूक, आणि हे वाण कुणाचं, तेही. भोवती बरीच माणसं जमली. सोबत आलेले तुमचे यजमान म्हणतात की मी अर्धा तास बोलत होतो. मला तसं वाटलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, की तुमच्या मिसेस मला चांगल्या आठवतात. दर वर्षी निकाल लागला की हसून म्हणायच्या, पुढच्या वर्षी भेटू.

संध्याकाळी घरी आलो. कप अंगणात कट्ट्यावर ठेवला आणि पिंजरे उघडले. लंबू सरळ कट्ट्यावर चढला, तिथून कपाच्या कडेवर, आणि भर तिन्हीसांजेला गळा ताणून आरवू लागला. थांबेचना. शेजारच्यांनी खिडकी उघडून ओरडून विचारलं, की ही काय आरवायची वेळ झाली का. एरवी मी माफी मागून त्याला आत कोंडलं असतं.

मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आज आरवू द्या त्याला, हिचा पहिला नंबर आला आहे.

आपला,
भावोजी